नाना भाषांची, नाना वस्त्यांतील कुटुंबे बालविकासाच्या संशोधनात कशी सामील करून घ्यावीत

मुलांच्या मेंदूच्या वाढीशी निगडित स्थितींवर २०१८ मध्ये एक मोठा भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाला. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांची त्यात पाहणी करण्यात आली होती. स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, अपस्मार, दृष्टी व श्रवणातील दोष धरून सात स्थितींपैकी किमान एक स्थिती असण्याचे प्रमाण सहा वर्षांखालील मुलांमध्ये ठिकाणानुसार २.९ टक्क्यांपासून १८.७ टक्क्यांपर्यंत बदलत गेले. एका जिल्ह्याचा आकडा दुसऱ्या जिल्ह्याला लावता येत नाही, हे एवढ्या तफावतीवरून कोणालाही कळेल. तरीही आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या, मराठी, हिंदी वा इंग्रजी नीट बोलणाऱ्या आणि एक दिवसाची रजा टाकू शकणाऱ्या पालकांकडून मिळालेली माहिती सगळ्या महाराष्ट्राची म्हणून पुढे केली जाते. बीडचा ऊसतोड कामगार, मेळघाटातील कोरकू आई, सातपुड्यातील पावरा कुटुंब, तांड्यावरची बंजारा आजी, मालेगावचा यंत्रमाग कामगार ही माणसे त्या माहितीत जवळजवळ नसतात. त्यांना सामील करून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थी-संशोधकांसाठी, समाजकार्यकर्त्यांसाठी आणि तरुण डॉक्टरांसाठी पुढील मार्गदर्शन लिहिले आहे.

प्रश्नावली छापण्यापूर्वी

पहिल्या भेटीला हातात प्रश्नावली नसावी. संशोधनाचा प्रश्न अजून बदलू शकतो, अशा वेळीच कुटुंबांकडे जावे. कारण एकदा प्रस्ताव मंजूर झाला, निधी आला आणि नैतिकता समितीचा शिक्का पडला की पालकांनी काहीही सांगितले तरी आपण फक्त मान डोलावतो. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४ च्या सुधारित आवृत्तीनेही संशोधनापूर्वी, संशोधन चालू असताना आणि त्यानंतर सहभागी व्यक्तींशी व त्यांच्या समाजाशी अर्थपूर्ण संवाद ठेवण्याची अपेक्षा स्पष्ट शब्दांत मांडली आहे.

या भेटीत एकच विचारावे: तुमच्या लेकराबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त काय जाणून घ्यायचे आहे? आम्ही स्वमग्नतेचे प्रमाण मोजायला निघालो होतो, तेव्हा पालकांकडून आलेले प्रश्न निराळेच होते. आम्ही फडात असताना याच्याकडे कोण बघणार? हा बोलेल का? शाळेत गुरुजी याला मागे का बसवतात? अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा जिल्ह्याला जायचे, तर त्या दिवसाची हजेरी कोण देणार? यातल्या प्रत्येक प्रश्नातून एक चांगला अभ्यास उभा राहू शकतो, आणि प्रमाण मोजण्याचे मूळ कामही त्याच्या सोबतीने होते.

त्यानंतर सहा-आठ जणांचा सल्लागार गट करावा. त्यात आयांबरोबर एखादे वडील, एखादी आजी आणि जिथे शक्य असेल तिथे स्वतः ही स्थिती घेऊन मोठी झालेली व्यक्ती असावी. त्यांच्या बैठकीचे मानधन अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून लिहावे. आभाराच्या दोन ओळींत त्यांची बोळवण करणे अन्यायाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

वस्तीत जाताना कोणाच्या ओळखीने जायचे, याचा विचार फार जपून करावा लागतो. आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्याशिवाय पान हलत नाही, तांड्यावर नाईकांना भेटल्याशिवाय पुढे जाणे रीतीला सोडून होईल, आणि साखर कारखान्याच्या तळावर मुकादमाला न सांगता कोपीकोपीत, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांत, शिरता येणार नाही. मात्र मुकादमाकडून कामगारांनी उचल घेतलेली असते. ज्याचे पैसे फेडायचे आहेत, त्याने "या ताईंना माहिती द्या" असे म्हटले, तर कोणते कुटुंब नाही म्हणू शकेल? म्हणून मुकादमाला तळावर येण्यापुरती कल्पना द्यावी, पण कुटुंबे निवडण्याचे किंवा बोलावून आणण्याचे काम त्याच्याकडे कधीही देऊ नये, आणि आपला होकार-नकार त्याला कळणार नाही, हे प्रत्येक घरात वेगळे सांगावे. सरपंचाच्या बाबतीतही हेच लागू होते. काही प्रमाणात आशाताईंच्या बाबतीतही होते, कारण त्यांचा शब्द मोडणे अनेक सुनांना अवघड वाटते.

दिवस कोणते निवडावेत

संशोधनाचे वेळापत्रक आपल्या विद्यापीठाच्या वर्षावर बेतू नये. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परततात, त्यामुळे गावातल्या भेटी मे ते सप्टेंबर आणि उरलेल्या तळावर, अशी दोन टप्प्यांची आखणी करावी. ज्या अभ्यासात त्याच मुलाला वर्षभरानंतर पुन्हा भेटायचे असते, त्यात कारखाना, टोळी आणि गावाकडच्या एका नातलगाचा फोन या तिन्ही गोष्टी पहिल्याच भेटीत, परवानगीने, लिहून घ्याव्यात. सातपुड्यात आणि मेळघाटात होळीला बाहेरगावी गेलेली माणसे घरी येतात. ते दिवस त्यांच्या सणाचे आहेत, तेव्हा भेट ठरवायची ती सण उरकल्यावर आणि माणसे पुन्हा निघण्याआधी. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून वडील भेटण्याची शक्यता त्या दिवशी अधिक असते, पण दुपारच्या नमाजची वेळ टाळावी, आणि रमजानमध्ये दोन-दोन तास चालणाऱ्या चाचण्या ठेवू नयेत.

भाषांतर आणि त्याचे खड्डे

या कामातला सर्वांत कसोटीचा भाग भाषेचा आहे, आणि इथेच बहुतेक अभ्यास घाई करतात. नेहमीची पद्धत अशी की इंग्रजी प्रश्नावलीचे मराठीत भाषांतर करायचे, दुसऱ्या व्यक्तीकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचे आणि दोन्ही जुळली की काम झाले असे समजायचे. ही पायरी आवश्यक आहे, परंतु तेवढ्याने भागत नाही.

मी ज्या पाहणीत काम करत होते, तिच्या प्रश्नावलीत "तुमचे मूल डोळ्याला डोळा भिडवून बघते का?" असा प्रश्न होता. परत केलेले भाषांतर मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळले होते. तळावर एका कोपीबाहेर पाचटावर बसलेल्या आईला मी तो विचारला. मांडीवर तीन वर्षांचा मुलगा, हातात त्याच्यासाठी चुरलेली भाकरी. ती लगेच म्हणाली, "न्हाई ओ ताई, लई गुणाचं हाय. मोठ्या माणसाफुडं मान वर करत न्हाई." मी "नाही" या चौकटीवर खूण केली. स्वमग्नतेच्या बाजूने एक गुण जमा झाला. खूण करून मान वर केली, तेव्हा तो मुलगा आईच्या तोंडाकडे बघत हसत होता आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडत होता. डोळ्याला डोळा भिडवणे म्हणजे आपल्या भाषेत उद्धटपणे आव्हान देणे, हे मराठी घरात वाढलेल्या आम्हा पाच जणांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. त्या तळावरच्या किती आयांनी लेकराचा सद्गुण म्हणून सांगितलेली गोष्ट आम्ही लक्षण म्हणून नोंदवली असेल, हे मला आजही सलते. पुढे तो प्रश्न "भरवताना, थोपटताना, अंगाई म्हणताना ते तुमच्या तोंडाकडे बघते का?" असा केला.

म्हणून परत भाषांतर झाल्यावर दहा-बारा पालकांसमोर एकेक प्रश्न वाचावा आणि उत्तर घेण्याऐवजी विचारावे, "हे ऐकून तुमच्या मनात काय आले? तुम्ही हेच शेजारणीला कसे विचाराल?" ज्या प्रश्नावर पालक थांबतात, हसतात किंवा एकमेकांकडे बघतात, तिथे खड्डा आहे असे समजावे. शक्य तिथे हो-नाहीच्या प्रश्नाला प्रसंगाची जोड द्यावी: "परवा-तेरवा असे कधी झाले, सांगा बरे." अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान या चार देशांतील ४,९४९ मुलांचा अभ्यास करून जे बालविकास-निरीक्षणाचे साधन पारखले गेले, त्यात मुंबईच्या उमीद या संस्थेचा सहभाग होता, आणि त्या साधनाचा पायाच मुळी पालकांशी मोकळ्या प्रश्नांनी बोलण्याचा आहे. आई स्वतःच्या शब्दांत सांगू लागली की वीस चौकटींत न मावणारे कितीतरी हाती लागते.

मराठी म्हणजे महाराष्ट्राची एकच भाषा, असेही समजू नये. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. मराठीशी तिचे नाते नाही. तिथे मराठी प्रश्नावली तोंडी भाषांतर करून सांगणारा एखादा शिक्षक पुरेसा होत नाही. पावरी, बंजाऱ्यांची गोरबोली, अहिराणी, मालेगावची दखनी वळणाची उर्दू यांसाठी त्या-त्या भाषेत वाढलेली, शक्यतो बाळंतपण-संगोपनाचे बोलणे सहज करू शकणारी स्त्री दुभाषी म्हणून निवडावी आणि तिला आठवडाभर तरी नीट प्रशिक्षण द्यावे. ती त्याच भावकीतली नसावी, कारण घरातले दुखणे भावकीत जाण्याची भीती सगळ्यात मोठी असते. मोठ्या बहिणीला किंवा भावाला दुभाषी करणे तर पूर्णपणे टाळावे. दहा वर्षांच्या मुलीला आपल्या भावाबद्दल आईला काय वाटते, ते अनोळखी माणसाला सांगायला लावणे क्रूरपणाचे आहे.

साधनांतील वस्तूंचाही असाच विचार करावा. स्वमग्नतेच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एडॉस या चाचणीत बाहुलीचा वाढदिवस, केक आणि मेणबत्त्या यांचा एक खेळ आहे. ज्या मुलाने केक कापताना कधी पाहिलेच नाही, ते तिथे गप्प राहिले तर त्याचा अर्थ काय लावायचा? अशा वेळी प्रमाणित चाचणीत आपल्या मनाने फेरफार करू नये, कारण मग गुणांची तुलनाच करता येत नाही. चाचणी आहे तशी घ्यावी, त्याच बैठकीत भातुकली, बाहुलीला पाळण्यात जोजवणे, भाकरी थापणे असा ओळखीचा खेळ वेगळा द्यावा, आणि दोन्हींतले अंतर निदान करणाऱ्या तज्ज्ञासमोर ठेवावे. पुरेशा नोंदी जमल्या की साधनाच्या मालकांकडे स्थानिक रूपांतराची रीतसर परवानगी मागता येते.

नाव ठेवणे आणि नाव घेणे

घरात या स्थितीला काय म्हणतात, ते पहिल्यांदा ऐकून घ्यावे. "मान उशिरा धरली", "बापही उशिरा बोलला होता", "वारं गेलंय", "नजर लागली" ही वाक्ये त्याच शब्दांत लिहावीत, आपल्या परिभाषेत बदलू नयेत. आपण मात्र "मंद" किंवा "वेडसर" हे शब्द उच्चारू नयेत आणि पहिल्याच भेटीत, चार शेजारणींच्या देखत, "स्वमग्नता" हा शब्दही टाकून येऊ नये. वस्तीत एकदा पडलेले नाव त्या मुलाला आणि पुढे त्याच्या बहिणीच्या सोयरिकीलाही चिकटते. म्हणून संस्थेचे नाव लिहिलेली गाडी दारात लावू नये. स्वतंत्र खोली नसलेल्या घरात बोलायचे तर शेताच्या बांधावर, अंगणवाडी सुटल्यानंतरच्या वर्गात, जिथे आई सांगेल तिथे बसावे.

उपचारांबद्दल विचारताना देवऋषी, भगत, भुमका, दर्गा यांची नावे आपणच आधी, साध्या स्वरात घ्यावीत, म्हणजे आईला ती लपवावी लागत नाहीत. मेळघाटात बाळाच्या पोटावर डंबा, म्हणजे तापवलेल्या लोखंडाचा चटका देण्याची प्रथा आहे. अशा खुणा दिसल्या की तरुण सहकाऱ्यांचे चेहरे बदलतात आणि आई पदर ओढून घेते. त्यानंतर ती जे सांगते ते आपल्याला बरे वाटावे म्हणून सांगते. जखम ताजी असेल तर त्या बाळाला तात्काळ आरोग्य केंद्रात न्यावे, ते आपले कर्तव्य आहे. परंतु आईने तसे केले ते बाळ वाचावे म्हणून, एवढे भान ठेवूनच तिच्याशी बोलावे.

संमती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती लागते, ७ ते १२ वर्षे वयाच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वर्षे वयाच्या मुलाची लेखी अनुमती लागते; लिहिता न येणाऱ्या पालकाचा अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार हजर असावा लागतो. हा झाला नियम. व्यवहारात संमतीपत्र वाचून दाखवल्यावर पालकांना विचारावे, "घरी गेल्यावर सासूबाईंना हे कसे सांगाल?" त्यांच्या सांगण्यात "नाही म्हटले तरी रेशन, दाखला, अंगणवाडी यांवर काही परिणाम होत नाही" ही गोष्ट आली नाही, तर संमती अजून झालेली नाही. कागद त्यांच्याकडे ठेवून दोन दिवसांनी परत जावे. आजी, आजोबा, थोरले दीर यांना बैठकीत मानाने बसवावे, पण आईला एकदा एकटीला गाठून पुन्हा विचारावे. जे मूल बोलत नाही, तेही नाही म्हणत असते. हात ढकलणे, तोंड फिरवणे, कान झाकणे, दाराकडे जाणे यांची यादी आईकडून आधीच घ्यावी आणि त्यांपैकी काही दिसताच चाचणी थांबवावी.

काही समाजांत कागदाचीच भीती असते आणि तिला इतिहास आहे. १८७१ पासून लागू होत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमातींची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढली, १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी पालावर कोणी नावे लिहायला आले की आजही पुरुष उठून जातात. तिथे पहिल्या काही भेटींत काहीच लिहू नये. आधार किंवा रेशनकार्ड पाहायला मागू नये. मुस्लिम वस्त्यांतही कागदपत्रांच्या मागणीने गैरसमज होतो. नावाऐवजी क्रमांक कसा पडतो, हे त्यांच्यासमोर वहीत लिहून दाखवावे. रक्त किंवा लाळेचा नमुना घ्यायचा असेल तर त्याची संमती पूर्णपणे वेगळी, वेगळ्या दिवशी घ्यावी, आणि नमुना कुठे जाणार, किती वर्षे राहणार, नष्ट कधी होणार हे सांगता येत नसेल तर तो घेऊच नये.

बुडालेला रोज

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. आई दोन तास आपल्यासमोर बसली तर पूर्ण कोयता थांबतो, तेव्हा भरपाईही दोघांच्या कामाची द्यावी. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्यास वर उल्लेखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची आडकाठी नाही. समितीला आमिषाची शंका आली तर त्या भागातील रोजाचा दर जोडून हिशेब मांडावा.

मूल सापडल्यावर

ज्या गावाहून उपचारापर्यंत पोहोचण्याची वाट आपण आधी चालून पाहिलेली नाही, त्या गावात चाळणी चाचणी करू नये. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येणे अपेक्षित आहे. ती खरोखर कधी येतात, जिल्ह्याचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र कोणत्या वारी चालू असते, तिथे वाचा-उपचारतज्ज्ञ आहे का, एसटी किती वाजता परत सुटते, हे सगळे स्वतः जाऊन पाहावे. पहिल्या खेपेला कुटुंबाबरोबर जावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता येतात, याचा अर्थ यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो. तो भरून देण्याला अर्धा दिवस लागतो आणि तो अर्धा दिवस संशोधनाच्या वेळेत धरावा.

जिथे तज्ज्ञ नाहीत तिथे काय करायचे, याचे एक उत्तर गोव्यातूनच आले आहे. तिथे संगाथ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी, ब्रिटनमध्ये विकसित झालेली, पालकांच्या माध्यमातून चालणारी स्वमग्नतेवरील उपचारपद्धती स्थानिक घरांना मानवेल अशी घडवली आणि ६५ मुलांच्या चाचणीत ती तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांकडून राबवली. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पालक-मुलांच्या संवादात सुधारणा दिसून आली. असा अभ्यास संपल्यावर प्रशिक्षित माणसे गावात मागे राहतात.

निष्कर्ष घेऊन परत

निबंध छापायला पाठवण्यापूर्वी निष्कर्ष त्यांच्या भाषेत, तोंडी, चित्रांच्या आधाराने कुटुंबांसमोर मांडावेत आणि हरकतीला जागा ठेवावी. एखाद्या समाजात प्रमाण अधिक आढळले, तर नुसते समाजाचे नाव आणि आकडा शेजारी ठेवू नये. पाच ठिकाणच्या त्या अभ्यासात धोका वाढवणाऱ्या बाबी म्हणून घरी झालेले बाळंतपण, जन्मताना बाळ गुदमरणे, नवजात काळातले आजार, मेंदूचा संसर्ग, कमी वजन आणि खुंटलेली वाढ पुढे आल्या होत्या. यातल्या बहुतेक गोष्टी दवाखान्याच्या अंतराशी आणि ताटातल्या अन्नाशी बांधलेल्या आहेत, जातीशी नाहीत, आणि हे वाक्य निबंधाच्या सारांशात असले पाहिजे, कारण वर्तमानपत्रे सारांशापुढे वाचत नाहीत.

त्या तळावरची बरीचशी कुटुंबे मे महिन्यात गावी परतली, तेव्हा आम्ही मारुतीच्या देवळासमोर बसून सुधारलेली प्रश्नावली पुन्हा वाचून दाखवली. "भरवताना, थोपटताना, अंगाई म्हणताना" या ठिकाणी एका आजीने मला थांबवले. "अंगाई कोण म्हनतंय बाई? फडातनं आलं की पोरीला तवर झोप येती. थोपटती तेवढंच." आम्ही तो शब्द काढला.